रंगाचे पैसे

भाच्याने पुण्याजवळच्या वाकडचा फ्लॅट सोडला आणि आठवड्याभराने मालकांचा व्हॉट्सॲपवर हिशेब आला. डिपॉझिट ६०,०००. वजा रंगकाम १८,०००, डीप क्लीनिंग ४,५००, किचन ट्रॉली ३,०००. बाकी ३४,५०० खात्यात जमा. खाली हात जोडल्याचं चिन्ह. त्याने थोडी कुरकुर केली, एकदोनदा फोन करून पाहिला, मग नव्या नोकरीच्या गडबडीत विषय सोडून दिला. पुढे त्याचं कुठलंसं कुरिअर जुन्या पत्त्यावर गेलं म्हणून तो ते आणायला गेला. दार नव्या भाडेकरूने उघडलं. त्या मुलाच्या मागे हॉलची भिंत दिसत होती, आणि भाच्याने लावलेल्या एलईडी पट्टीच्या टेपचे पिवळट चौकोन तिच्यावर जसेच्या तसे होते, टीव्हीच्या जागेपासून खिडकीपर्यंत ओळीने. नवा मुलगा म्हणाला, मी तर तुम्ही सोडल्यावर लगेचच आलो, मालक म्हणालेत रंगाचं दिवाळीत बघू. रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, पैसे गेले त्याचं एवढं नाही गं. पण रंग लावलाच नाही त्यांनी."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एक तर त्यात त्याचा दुखावलेला आवाज होता. लहानपणापासून हा मुलगा कोणाचं पेनसुद्धा परत दिल्याशिवाय ठेवत नसे. दुसरं म्हणजे त्याच दिवसांत माझ्या आईचा कर्वेनगरचा फ्लॅट रिकामा होत होता, तिथे मालकीण मी होते आणि हिशेब मला करायचा होता. इकडे मावशी म्हणून चिडायचं आणि तिकडे मालकीण म्हणून वही उघडायची, असे ते दिवस गेले.

रिकाम्या घरात आवाज वेगळा येतो. चप्पल काढून आत पाऊल टाकलं तेव्हा फिनेलचा वास होता, पडदे काढलेल्या खिडक्यांतून भगभगीत ऊन आत आलेलं, आणि फरशीवर फ्रिजच्या पायांचे गंजाचे ठसे. भाडेकरू जोडपं नांदेडकडचं. भाडं कधी चुकवलं नाही, सोसायटीत कोणाशी वाद नाही. ती मुलगी किल्ल्यांचा जुडगा हातात घट्ट धरून माझ्या मागे मागे प्रत्येक खोलीत येत होती, आणि मी काही विचारायच्या आधीच सांगत होती. "काकू, हे आधीपासूनच होतं." "काकू, ही कडी पहिल्यापासूनच ढिली होती." सिंकखालच्या ट्रॉलीची जाळी गंजलेली, चॅनेल अडकत होतं. बाथरूमच्या दाराची खालची कड पाणी पिऊन फुगली होती आणि भिजलेल्या वहीची पानं सुटावीत तसे प्लायचे थर सुटले होते. मी खाली बसून बोट लावलं तर एक पापुद्रा हातात आला. ती म्हणाली, "ते पाण्यामुळे झालंय." तिचं खरंच होतं. बाथरूमच्या दाराला पाणी लागणारच.

मग आईची खोली. तिथे दिवाणाच्या वर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, भिंतीवर एक तेलकट गोल डाग होता. मधे गडद, कडेला फिकट होत गेलेला. नाक जवळ नेलं तर खोबरेल तेलाचा जुना, किंचित खवट वास. त्या मुलीच्या सासूबाई दुपारभर तिथे टेकून बसायच्या. मी हिशेबाची वही उघडली होती, पण त्या खोलीत मला काही लिहवेना, कारण त्याच भिंतीला, जरासा डावीकडे, माझ्या आईचाही असाच डाग होता. ती गेल्यावर फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून आम्ही रंग दिला आणि तो डाग रंगाखाली गेला. तेव्हा तो डाग कोणाला नुकसान वाटला नव्हता. रंगाऱ्याने प्रायमरचा एक हात जास्त दिला आणि पुढे गेला, एवढंच. आता दुसऱ्या एका म्हातारीच्या डोक्याचा डाग पाहून माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते म्हणजे या भिंतीचे किती कापायचे. ते मला आवडलं नाही. पण ते आलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

पॅसेजमध्ये, बाथरूमच्या सामाईक भिंतीवर, एका पतसंस्थेचं कॅलेंडर तेवढं लटकत राहिलं होतं. सगळं सामान गेलं, कॅलेंडर राहिलं. मी सहज ते काढलं. मागे एम-सीलचा राखाडी गोळा होता आणि त्याच्याभोवती ओल. आरसा लावायला म्हणून त्यांनी ड्रिल मारलं होतं आणि ते भिंतीतल्या पाइपात गेलं होतं. हे कधीचं, तर मागच्या पावसाळ्याच्याही आधीचं. आणि मागच्या पावसाळ्यापासून खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला पोपडे येत होते, त्यांच्या पंख्याच्या वाटीतून पाणी ठिबकत होतं, सोसायटीचं पत्र मला आलं होतं. मी प्लंबर पाठवला, त्याने बाथरूमच्या टाइल्सच्या फटी भरल्या, मग वॉटरप्रूफिंगवाला आला, त्याने नहाणी ट्रॅप बदलला, पैसे गेले, गळती सुरूच. खालच्या काकांनी मला जिन्यात सुनावलं, मी खाली मान घालून ऐकून घेतलं. आणि एवढं सगळं चालू असताना ते भोक त्या कॅलेंडरमागे होतं.

त्यांना माहीत होतं.

मी फार बोलले त्या दिवशी. तिचा नवराही तोवर टेंपो मार्गी लावून वर आला होता. तो गप्प उभा राहिला. शेवटी तीच म्हणाली, "काकू, डिपॉझिट जाईल म्हणून बोललो नाही. आधी वाटलं एम-सीलने थांबेल. मग तुमचा प्लंबर येऊन गेला, त्यानंतर तर सांगायची हिंमतच झाली नाही." तिचे डोळे भरले होते. मला राग होता, तो काही त्या डोळ्यांनी गेला नाही. पण तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. ज्या दिवशी ड्रिल पाइपात गेलं त्या दिवशी तिने फोन केला असता तर प्लास्टर फोडून कपलिंग बसवायचं, दोनेक हजारांचं काम होतं. तिने फोन केला नाही, कारण तिचे तीन महिन्यांचे पैसे माझ्याकडे होते आणि त्यातून मी किती कापीन हे मी एकटीच ठरवणार होते.

मी तेव्हापासून याच गोष्टीशी अडकून आहे. आपण समजतो की डिपॉझिट घराची राखण करतं. माझ्या घरात त्याने उलटं केलं. लहान नुकसान लपवायला लावलं आणि लपवलेलं मोठं झालं. आणि भाच्याच्या मालकाला त्याच डिपॉझिटने न झालेल्या रंगाचे पैसे घ्यायची सोय करून दिली.

माझं लहानपण नारायण पेठेत, वाड्यातल्या दोन खोल्यांत गेलं. तिथे आम्ही भाडेकरू. डिपॉझिट असं काही नव्हतंच, कारण घर सोडून जायची कल्पनाच कोणाच्या डोक्यात नसे. भांडणं व्हायची ती मे महिन्यात, शाकारणीवरून. मालकांनी कौलं परतून घ्यायची की ज्याच्या डोक्यावर गळतंय त्याने, यावर दरवर्षी चौकात आवाज चढायचे. मालक म्हणायचे, तुमच्या भाड्यात तर चार कौलंही येत नाहीत, आणि ते खरं होतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली होती. दुरुस्ती मालकाला परवडेना आणि घर सोडणं भाडेकरूला परवडेना. भिंती मातीच्या, हातभर जाड. पण त्या भिंतींना कोनाडे होते, खुंट्या होत्या, फडताळं होती. दिवा कुठे ठेवायचा, टोपी कुठे टांगायची, देव कुठे मांडायचे, हे घर बांधणाऱ्यानेच ठरवून ठेवलेलं. कोणाला खिळा ठोकावा लागत नसे. आजचा फ्लॅट चार गुळगुळीत भिंती देतो, आतून न दिसणारे पाइप आणि वायरी नेतो, आणि त्यात राहायला येणाऱ्याला आरसा, घड्याळ, पडदे, देव्हारा, सगळ्यासाठी भोकच पाडावं लागतं. मग जाताना आपण भोकं मोजतो.

त्या गोठलेल्या भाड्यांची धास्ती मालकांच्या मनात खोल बसली. त्यात १ फेब्रुवारी १९७३ या तारखेला जे लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क नसताना नुसत्या परवानगीवर, राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरूच मानलं, त्यांना काढता येईना. माझ्या सासऱ्यांच्या पिढीतली कितीतरी माणसं घर कुलूप लावून ठेवत, पण भाड्याने देत नसत. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्यातल्या कलम २४ ने मालकाला मोठा दिलासा दिला. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठराविक काळ राहू देण्याच्या कराराची, मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठीच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांचे दुप्पट पैसे मागता येतात. मी मालकीण आहे, मला हे कलम हवंच आहे. त्याच्याच भरवशावर आईचं घर मी अनोळखी माणसांना देऊ शकले. पण त्या कायद्यात दुसऱ्या बाजूसाठी असा जवळचा रस्ता नाही. घर परत मिळवायला मालकाला वेगळा दरवाजा आहे. डिपॉझिट परत मिळवायला भाडेकरूने वकिलाची नोटीस द्यायची, मग तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावायचा. १८,००० रुपयांसाठी कोण जातो शिवाजीनगरच्या कोर्टात? कोणी जात नाही हे मालकालाही ठाऊक असतं, आणि व्हॉट्सॲपवरचा तीन ओळींचा हिशेब त्या भरवशावर लिहिला जातो.

ॲग्रीमेंट मी पुन्हा काढून वाचलं. आपण सगळे त्यावर अंगठा देतो. एजंट घरी मशीन घेऊन येतो, आधार जुळतं, हजार रुपये नोंदणी फी आणि वर स्टँप ड्युटी भरतो, झालं. त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. शेवटी वस्तूंची यादी असते. पंखे चार, ट्यूबलाइट सहा, गिझर एक. पंखा किती जुना, गिझर किती वर्षं चाललाय, भिंतीला रंग कधी लागला, यातलं एक अक्षर नसतं. मधेच एक ओळ असते की नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून घर आहे तसं परत करावं. ही ओळ फार जुनी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०८ मध्ये, भाडेपट्ट्यावर राहणाऱ्यासाठी ती आहे, आणि आपले करार तीच पुढे चालवतात. पण आहे तसं म्हणजे कसं, हे आल्या दिवशी दोघांनी मिळून पाहिलेलंच नसतं. मग सोडायच्या दिवशी मालकाला पूर्वीचं घर नवंकोरं आठवतं आणि भाडेकरूला ते आल्यापासून मोडकं आठवतं. दोघंही खोटं बोलत नसतात.

केंद्राने २ जून २०२१ ला आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर करून राज्यांकडे पाठवला. मी तो शोधून वाचला आणि मला त्यातलं शेवटचं परिशिष्ट मनापासून आवडलं, कारण त्यात घरातल्या वस्तूंची नावं घेऊन कामं वाटून दिली आहेत. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं, वायरिंग, हे मालकाचं. नळाचे वॉशर, गिझरची दुरुस्ती, स्विच, कुलुपं, खिडकीच्या काचा, गटार साफ करणं, हे राहणाऱ्याचं. राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट नाही, आणि ते घराचा ताबा घेतल्या दिवशीच, देणं वजा करून, परत. रंग मालकाचा, हे तिथे स्वच्छ लिहिलंय. वाकडच्या त्या मालकाने करारात रंगाची रक्कम आधीच घालून घेतली होती, म्हणून ती वाजवी ठरते असं त्याचं म्हणणं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ काही तसं म्हणत नाही. आधी लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई. जो रंग लावलाच नाही त्याची भरपाई कसली? आणि त्या डीप क्लीनिंगचं तर काय सांगू. नळांवर आणि शॉवरच्या काचेवर पांढरे क्षार बसले होते म्हणे. तिकडच्या सोसायट्यांत निम्मं वर्ष टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी. ते ज्याच्या घरात येईल त्याच्या नळावर क्षार ठेवून जाईल, मालक राहिला असता तरीही.

माझ्या मैत्रिणीची मुलगी जर्मनीत असते. तिला हे सगळं सांगितलं तर तिने तिकडची रीत सांगितली. घराचा ताबा देता-घेताना दोघं मिळून खोली न् खोली फिरतात, मीटरचे आकडे, भिंतीवरचे ओरखडे, फरशीवरचा टवका, सगळं कागदावर उतरतं आणि त्याखाली दोघांच्या सह्या होतात. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. मालकाला ते स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाही, वेगळ्या खात्यात ठेवावं लागतं, आणि व्याज भाडेकरूचं. तिथेही भांडणं होतात. पांढरं मिळालेलं घर भडक रंगात परत केलं तर खर्च भाडेकरूवर, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे. पण ती भांडणं कागदाला धरून होतात. वेगळ्या खात्याची गोष्ट मला फार पटली. आपल्याकडे सरसकट ऐकू येणारं वाक्य आहे, नवा भाडेकरू आला की त्याचं डिपॉझिट घेऊन तुमचं देतो. म्हणजे ते पैसे केव्हाच खर्च झालेले असतात. जे आपले नव्हतेच ते परत द्यायची वेळ आली की मग भिंतीवरचे डाग मोठे दिसायला लागतात.

कर्वेनगरचा हिशेब मी घरी येऊन, एक रात्र मधे जाऊ देऊन केला. तेलाच्या डागाचे काही नाही. दाराचं काही नाही. ट्रॉलीची जाळी आईच्या वेळची होती, तिचंही नाही. पाइपाचे मात्र मी कापले, आणि खालच्या काकांच्या छताच्या रंगाचे सगळे पैसेही कापले, कारण ते नुकसान त्यांच्या गप्प राहण्याने झालं होतं आणि ज्याच्या छताला झालं त्याचा यात काहीच संबंध नव्हता. आधीच्या फुकट गेलेल्या वॉटरप्रूफिंगचे निम्मे कापले. प्लंबरची, रंगाऱ्याची बिलं जोडून पाठवली आणि बाकीचे पैसे त्याच संध्याकाळी दिले. तिच्या नवऱ्याचा फोन आला, म्हणाला, "काकू, बरोबर आहे." आवाज कोरडा होता. ती बोलली नाही. मला वाटत होतं ती बोलेल. तिच्या सासूबाईंनी मला लोणच्याची बरणी दिली होती मागच्या उन्हाळ्यात, ती बरणी अजून माझ्याकडेच आहे.

भाच्यासाठी आम्ही दोघांनी बसून पत्र लिहिलं. सोडतानाचे फोटो, कराराचं पान, रंगकामाच्या बिलाची मागणी, आणि पंधरा दिवसांत उत्तर द्या म्हणून. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. मालकांनी घेतलं, पोच आली, उत्तर नाही. त्याच्या बाबांचं म्हणणं, सोड, असल्या माणसाच्या नादी लागू नये. मी त्याला नोटीस द्यायला सांगितलंय. वकिलाचे पैसे मी देईन म्हटलं. पैशांपुरतं पाहिलं तर त्यात नुकसानच आहे, पण तिथे आज राहणाऱ्या मुलाकडूनही त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे उद्या घेतले जातील, हे दिसत असताना गप्प बसणं मला जमत नाही.

आईच्या घराला रंग दिला. आता तिथे सांगलीच्या दोघी बहिणी राहायला आल्यात, धाकटी नर्सिंगला आहे. ताबा द्यायच्या दिवशी त्यांचे वडील बरोबर होते. मी कोरी वही नेली होती. एजंट दोनदा घड्याळ बघून म्हणाला, "काकू, एवढं कोणी करत नाही हो." वडिलांनी मात्र एकेक नळ सोडून पाहिला, फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं, आतला बॉल नीट बसत नाही हे दाखवलं. मी लिहिलं. बेडरूमच्या कपाटात मागच्या फळीला ओल होती, ती मला माहीत नव्हती, तीही लिहिली. खाली तिघांच्या सह्या झाल्या. करारात एक ओळ जास्तीची घालून घेतली आहे. घरात काही तुटलं-फुटलं तर आठ दिवसांत सांगायचं, सांगितलं तर दुरुस्तीचा निम्मा खर्च माझा. थोरलीने ते वाचून विचारलं, "आणि नाही सांगितलं तर?" म्हटलं, मग सगळा तुमचा. तिने जरा विचार केला. "मग आत्ताच सांगते काकू, कपड्यांच्या दोरीसाठी ड्राय बाल्कनीत दोन हुक लागतील आम्हाला. पाइप कुठून गेलेत?" मला कुठे ठाऊक असायला! प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीवर टकटक करत, नळाच्या रेषेत पेन्सिलीने पाइपाचा मार्ग आखून दिला, आम्ही दोघींनी त्याचे फोटो काढले, आणि भोकं त्या रेघेपासून वीतभर लांब पाडली.